रांजणामागची जागा

वहिनी,

काल तुझ्यावरून माझा पुन्हा एकदा जळफळाट झाला, म्हणून हे लिहायला बसले आहे. तू गेलीस त्या वयाच्या मी आता पुष्कळ पुढं आले, दात गेले, गुडघे गेले, पण पोटातली ही एवढी आग काही गेली नाही. सूनबाई म्हणते, "आई, ॲसिडिटी असेल, गोळी घ्या." मी गोळी घेतली. तिला काय सांगू, की आईच्या मायेवरून मला अजून एका बाईचा हेवा वाटतो, आणि ती बाईही आता काठी टेकत चालते. हसेल ती. हसण्यासारखंच आहे.

आई म्हणून तुला मी कधी हाक मारली नाही. घरात धाकटे काका वडिलांना दादा आणि तुला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून मीही तसंच म्हणायला शिकले. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नसे. शेजारची पोरं स्वतःच्या आईला काकी म्हणायची, पलीकडची पोरं 'बाई' म्हणायची. मलाही कधी काही वाटलं नव्हतं. पण तू शाळेत कामाला लागलीस आणि कारखान्याच्या खोपटांमधली पोरं तुला 'आई, आई' करायला लागली, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. साऱ्या शाळेची तू आई, आणि जिनं तुझ्या पोटी जन्म घेतला तिची तेवढी वहिनी.

कालचं सांगते. आम्ही आता मोशीला राहतो, लेकाच्या फ्लॅटमध्ये. पणतीच्या शाळेनं घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलं होतं. तिथं एक तरुण बाई नेमल्या आहेत, समुपदेशक म्हणतात त्यांना. त्यांचं काम एवढंच, पोरांच्या मनात काय चाललंय ते ऐकायचं. त्यांनी एका वर्गात कोपरा केलाय. खाली मऊ सतरंजी, भिंतीवर ढग रंगवलेले, उशा ठेवलेल्या. ज्या पोराला रडू येईल, भीती वाटेल, त्यानं तिथं जाऊन बसायचं. त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "आजी-आजोबा, तुमच्या शाळेत मुलं खचली, घाबरली तर काय करायचे, ते आमच्या मुलांना सांगा ना." अग, माझं काळीज केवढं झालं म्हणून सांगू! मला तुझंच सांगायचं होतं. गेले आठ-पंधरा दिवस मनात घोळवत होते, सुरुवात कुठून करायची ते. आणि मी शहाणी, जाताना तिला बरोबर घेऊन गेले. ती म्हणजे कोण, तुला सांगायला नको. तीच, बीडकडची. ती आता थेरगावात असते, डांगे चौकाच्या अलीकडं, धाकट्या लेकाकडं. कुठं काही असलं की आम्ही दोघी बरोबर जातो. हेवा आहे म्हणून मैत्री नसते असं थोडंच आहे?

तर माईक हातात यायच्या आधीच ती उभी राहिली. तिला सवय आहे, सगळा जन्म बालवाडीत गेला तिचा. म्हणाली, "आमच्या शाळेत आमच्या आई होत्या." आमच्या आई! आणि मग सगळं सांगितलं. रांजण सांगितला, पाणी सांगितलं, गुरुजी सांगितले. पोरं गप्प बसून ऐकत होती. त्या तरुण बाईंनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. मग खाली बसता बसता तिला आठवलं आणि माझ्याकडं हात करून म्हणाली, "आणि ह्या बरं का, त्यांच्या कन्या." सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. माझ्या हातात वेफर्सची प्लेट होती. मी मान हलवली. माझं सगळं तिनं बोलून टाकलं होतं.

घरी आल्यापासून तेच चाललंय डोक्यात. तिनं सांगितलं ते सगळं खरं आहे, त्यात माझी तक्रार नाही. पण ते शाळेतलं झालं. त्याच वेळी घरात काय होतं ते तिला कुठं ठाऊक? तुलाही ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. म्हणून म्हटलं, माझ्या बाजूनं एकदा लिहून काढावं.

तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. पवनेकाठच्या आपल्या गावातला जो उठेल तो तिकडं चाललेला, कुणी मातीकामाला, कुणी पहाऱ्यावर. शाळेचा पाणी भरणारा गडी होता, तोही गेला. मग गुरुजी आपल्या घरी आले. ओट्यावर बसले, दादांशी इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "पोरांना प्यायला पाणी नाही हो. वहिनी येतील का?" दादांनी तोंड वाकडं केलं. "आमच्या घरची बाई शाळंत झाडू मारणार व्हय?" तू दाराआडून म्हणालीस, "मी येते." एवढंच. त्या घरात तुझा आवाज दादांच्या बोलण्यावर गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला केवढा अभिमान वाटला होता! मला वाटलं, माझी वहिनी माझ्या शाळेत येणार, आता दिवसभर माझी. कशाचं काय.

मारुतीच्या देवळामागं दोन खोल्यांची शाळा, पुढं पडवी, पडवीच्या टोकाला तो रांजण. रांजण आणि भिंत यांच्यामध्ये एक सांद होती, पोर उकिडवं बसेल एवढी. तिथं कायम ओल असायची, गारवा असायचा. तू आलीस त्या वर्षी शाळेत पोरांचा नुसता भरणा झाला. नगरकडची, सोलापूरकडची, बीडकडची, बापाच्या कामामागं आलेली. निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी पोरं, ज्यांचं बोलणं कुणाला कळत नसे. आपली गावची पोरं त्यांना वेडावून दाखवायची. असाच एकदा कॅम्पातला एक मुलगा मार खाऊन त्या सांदीत जाऊन बसला. गुरुजी छडी घेऊन शोधत आले. तू रांजणाशी उभी होतीस. म्हणालीस, "बसू द्या गुरुजी. दमलंय लेकरू." गुरुजींनी तुझ्याकडं बघितलं आणि गेले परत. थोड्या वेळानं मुलाचं हुंदके देणं थांबलं. तू त्याला तोंड धुवायला लावलंस, हातात पाण्याचा तांब्या दिलास आणि म्हणालीस, "जा, गुरुजींना पाणी नेऊन दे. घसा सुकला असंल त्यांचा." मुलगा सगळ्या वर्गातून तांब्या घेऊन गेला. गुरुजी प्यायले, तांब्या परत दिला, "बैस जागेवर" म्हणाले. का रडलास, कुणी मारलं, काही विचारलं नाही.

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. ज्याचं मन भरून येईल त्यानं रांजणामागं जायचं. कुणी काही विचारायचं नाही. रडणं सरलं की तोंड धुऊन कुणाला तरी पाणी नेऊन द्यायचं आणि आपल्या जागी बसायचं. पुढं पुढं गुरुजी स्वतःच म्हणायचे, "जा रे, रांजणाशी जाऊन ये." एकदा त्यांनी तुला विचारलं होतं, मी तिथंच पाटी पुसत होते, "वहिनी, ही युक्ती तुम्हाला सुचली कशी?" तू म्हणालीस, "युक्ती कसली? इचारलं की पोरं जास्तच रडत्यात, एवढं दिसतं मला. आन् रिकाम्या हातानं परत जायला लाजत्यात." गुरुजी हसले. चांगला माणूस होता. चार यत्ता एकट्यानं ओढायचा बिचारा, सगळ्यांचे डोळे कुठं पुसत बसणार? त्यांनी तुला ती जागा करू दिली, हेच केवढं मोठं.

आणि मग ती आली. माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची. तिची आई कारखान्याच्या बांधकामावर पाट्या वाहायची. ही कुणाशी बोलतच नसे. नाव विचारलं तरी खाली बघायची. केसांच्या जटा झालेल्या. पाढे म्हणायची वेळ झाली की उठून सरळ रांजणामागं. रडायचीही नाही, नुसती बसून राहायची, आणि तिला परत पाठवायची घाई तूही कधी केली नाहीस. दुधाची भुकटी यायची तेव्हा, मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात कालवून तू सगळ्यांना वाटायचीस. पोरं नाकं मुरडायची त्या वासाला. तिला तू पातेल्याशी बसवलंस आणि पळी हातात दिलीस. आपण कालवलेलं दूध पोरं पितात का नाही हे ती टक लावून बघायची. कुणी सांडलं की कपाळाला आठ्या. आणि एक दिवस ती बोलली. त्या मुलीच्या तोंडून शाळेनं ऐकलेला पहिला शब्द कुठला, तर, "सांडू नकू की रं!" सगळी पडवी हसली. तू पदरात तोंड घालून हसलीस. मी हसले नाही.

कारण त्या दिवशी सकाळीच मी बघितलं होतं. तू तिची वेणी घालत होतीस, आणि तुझ्या हातात माझी फणी होती. माझी लाकडी फणी, आळंदीहून आणलेली. मी कोनाड्यात शोध शोध शोधत होते ती. माझी वेणी काकी घालायच्या, घाईघाईनं, डोळे वर ओढले जातील अशी. आणि तू तिच्या जटा एकेक सोडवत होतीस, मुळाशी बोट धरून, म्हणजे ओढ बसू नये. घरी आल्यावर मी विचारलं, "वहिनी, माझी फणी?"

"शाळंत हाय."

"का?"

"लागते."

एवढ्यावर तुझं बोलणं सरलं, भाकऱ्या करपत होत्या. तुला आठवतही नसेल. माझ्या मात्र जिभेवर ते 'लागते' अजून आहे.

मग मीही ठरवलं, आपणही रांजणामागं जायचं. कारण काहीच नव्हतं. डोळ्यांना थुंकी लावली, तोंड वेडंवाकडं केलं आणि गणिताच्या तासाला उठून तिथं गेले. त्या सांदीत गार वाटत होतं. ओल्या मातीचा वास येत होता. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले आणि वाट बघायला लागले. तुझी पावलं आली. मला वाटलं आता तू काही विचारणार नाहीस, शेजारी उभी राहशील, मग तांब्या देशील. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "तू व्हय? ऊठ."

"मला रडू येतंय."

"मग घरी रड. तुला घर हाय. ह्यांना न्हाई."

उठले. वर्गात रिकाम्या हातानं गेले. पोरं लाजतात म्हणाली होतीस ना, खरंच लाजतात.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुला भीती असणार, लोक म्हणतील पाणी भरायला येते आणि स्वतःच्याच पोरीचे लाड करते. पण वहिनी, घरी रड म्हणालीस, ते घरात कुठं? आपलं घर माणसांनी गजबजलेलं. पुढच्या दारी दादा आणि काका, मागच्या दारी जनावरं, मधल्या घरात आजी झोपलेली. तुझ्याजवळ यावं तर तू चुलीशी, नाहीतर जात्यावर, नाहीतर पाण्याला. शाळेत पोरांजवळ स्वस्थ उभी राहणारी तू, घरात मला कधी उभी दिसलीच नाहीस. एकदा मी चुलीपाशी येऊन खरोखरच रडायला लागले होते. तू मागं न बघता म्हणालीस, "धूर लागला का? सरक तिकडं." मी सरकले.

चौथीची परीक्षा झाली आणि माझी शाळा संपली. जेवताना दादांनी सांगितलं. "आता बास झाली शाळा. तुझी आई जाती शाळंत, काकीला दिवस गेल्यात. घरात कुणी तरी पायजे का नको?" मी तुझ्याकडं बघितलं. ज्या शाळेत तू जातेस म्हणून माझी शाळा बंद, हे मला नऊ-दहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. पाणी भरायला जाते म्हणून ज्या आवाजात बोलली होतीस तो आवाज त्या दिवशी मी किती ऐकायला बघितला! तू वाढत होतीस. माझ्या चटणीवर तेल जरा जास्त पडलं, बाकी काही नाही.

सुट्टी लागायला अजून चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी शाळेत पाढे चालले होते. मला अक्षर दिसेना पाटीवर. या खेपेला थुंकी लावायची गरज नव्हती. मी उठले आणि पडवीतून चालत गेले. मनात म्हणत होते, आज मला घरी रड म्हणाली तर सांगेन, माझं घरच नको मला. रांजणाजवळ आले, आणि थबकले.

त्या सांदीत तू बसली होतीस. खाली, मातीत, पोरं बसतात तशी पाय पोटाशी घेऊन. तुझी पाठ माझ्याकडं. पाठ हलत होती. आणि तुझ्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, ती. तिच्या आणि तुझ्यामध्ये वाराही गेला नसता. वर्गातून पोरांचा 'बे एके बे'चा गलका येतोय, वर कडुनिंबात कावळा बसलाय, रांजणाच्या बुडातून पाणी झिरपतंय, आणि माझी वहिनी रडतेय. मी तुला रडताना कधी बघितलं नव्हतं. त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. माझ्यासमोर तुझ्या डोळ्यांना पाणी आलं ते कांद्यानं. आणि त्या दुसऱ्याच्या पोरीपुढं तू सगळं उघडं करून बसली होतीस.

मी तशीच मागं फिरले. माझं रडू जागच्या जागी आटलं. वर्गात येऊन बसले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात पाढे म्हणायला लागले. थोड्या वेळानं तू दारात आलीस, तोंड धुतलेलं, पदर नीट केलेला, हातात पाण्याचा तांब्या. गुरुजींसमोर ठेवलास. गुरुजींनी तुझ्याकडं बघितलं, पाणी प्यायले, तांब्या परत दिला. काही विचारलं नाही. मागून ती आली आणि आपल्या जागी बसली. माझ्या शेजारी.

त्यापुढं मी घरी आणि ती शाळेत. तू आणि गुरुजींनी तिच्या बापाच्या मागं लागून तिला सातवीपर्यंत नेलं. ती बालवाडीची बाई झाली. मी वाण्याच्या पुडीचे कागद सरळ करून वाचत गेले, चुलीपुढं, भाकरी शेकता शेकता, नंतर मिळेल ते. तिची जुनी पुस्तकं तू मला आणून द्यायचीस. ती मी वाचायची, पण पहिलं पान उघडायचं नाही, त्यावर तिचं नाव असायचं. आज मी लिहिते आहे ते सगळं तिच्या उष्ट्या पुस्तकांवर शिकलेलं. आणि तू गेलीस तेव्हा? मी घरातलं बघत होते, कोण आलं, कुणाला पाणी हवंय, शेवटचं लुगडं कुठलं काढायचं. ती दारातून आली ती असा हंबरडा फोडत, की गावाबाहेरून आलेल्या बायका तिलाच धरायला धावल्या. "लेक का ही?" असं एकीनं मलाच विचारलं. मी म्हटलं, "हो."

तर काल. शाळेतून निघालो तेव्हा ती म्हणाली, "चल तुझ्याकडं, चहा पाज." मी चहा केला. आलं घातलं. पण नवे कप काढले नाहीत, रोजचेच काढले. ती गॅलरीत बसली होती खुर्चीवर, खाली गाड्यांची रीघ लागलेली. मी कप तिच्या हातात दिला आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं.

"तुला एक विचारायचंय. कधीचं विचारायचंय."

"विचार की."

"वहिनी एकदा रांजणामागं रडत होती. तू होतीस शेजारी."

तिनं कप खाली ठेवला. "तुला कसं ठाऊक?"

"मी बघितलं. मागं उभी होते."

"अग बया." ती माझ्याकडं वळली. "मग आत का नाही आलीस?"

"जागा नव्हती."

"होती की गं. सरकलो असतो."

मग मी तो प्रश्न विचारला जो इतकी वर्षं विचारला नव्हता. तिच्याबरोबर लग्नांना गेले, बारशांना गेले, दवाखान्यात तिच्या उशाशी बसले, पण हे विचारायची छाती झाली नाही. भीती वाटायची, ती सांगेल आणि त्यात माझं नाव नसेल. किंवा असेल.

"काय म्हणाली ती? का रडत होती?"

"मला काय माहीत?"

"तुला सांगितलं नाही?"

"मी विचारलंच नाही. अग, मला त्यांनीच शिकवलं होतं ना, विचारायचं नाही म्हणून. मी पाणी प्यायला गेले, तर त्या बसलेल्या. मला उलट वाटलं, आता मी काय करू? मग त्या करायच्या तेच केलं. बसले जाऊन. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. रडून झालं तसं उठल्या."

वहिनी, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. चांगला आनंद झाला. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझं काहीतरी हिच्यापाशी आहे आणि ही ते माझ्यापासून दडवून बसलीय. ही बाई टाळ्या घेते, आमच्या आई म्हणते, ते त्या जोरावर. आणि बघितलं तर हिच्याही हातात काही नाही! मी उठून तिला आणखी चहा दिला. बशीत दोन बिस्किटं ठेवली.

मग ती बिस्किट बुडवत असताना ध्यानात आलं, की म्हणजे आता हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्यापाशी असतं तर निदान कुठंतरी असतं. आजी काही लागट बोलली असेल. पाठ दुखत असेल, तुझी दुखायची. माहेरची आठवण आली असेल. दादांनी काही म्हटलं असेल. ही सगळी कारणं मी मनाशी धरून बघते. आणखी एक कारण आहे, आदल्या दिवशीच्या जेवणातलं, तेवढं मात्र मला धरवत नाही. तेच होतं असं म्हटलं, तर आजवर तुझ्यावर रुसले ते सगळं फुकट गेलं. आणि ते नव्हतं असं म्हटलं, तर त्याहून वाईट.

तिचा चहा संपला. जाताना ती म्हणाली, "बोलल्या नाहीत, पण डोकं टेकलं होतं त्यांनी. इथं." आणि आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. "मी केवढीशी! हलले नाही मात्र. मुंग्या आल्या खांद्याला."

कालपासून हे पानांवर पानं लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि ती वाचून दाखवणारी कोण असती ते मला ठाऊक आहे. तेव्हा हे माझ्याजवळच राहील. फक्त एवढं एक सांगते आणि थांबते. तिला खाली सोडायला गेले. रिक्षा उंच, तिला चढवेना. मी मागून तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. "सोड गं, चढते मी, पडणार नाही," असं ती म्हणत होती. तिला वाटलं, मी आधार देतेय. मी आधार देत नव्हते, वहिनी.